राणीसाठी आवरलेली खोली

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. आम्ही नागपूरचे, बौद्ध घरातले. देव, भूत, अंगारे-धुपारे आमच्याकडे कधी नव्हतेच. त्यात मी फार्मा रिसर्चमध्ये, डेटा दाखवल्याशिवाय नवऱ्याचंही ऐकत नाही. तरीही हे लिहितेय...

आम्ही न्यू जर्सीत, वेस्ट विंडसरला राहतो. माझ्या बाळंतपणासाठी आई आली होती. तिच्या व्हिसाचे सहा महिने संपत आले होते आणि आम्ही तिचा मुक्काम वाढवायचं ठरवलं होतं. बाळ लहान, माझं ऑफिस सुरू झालेलं. आईला विचारलं तर म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं." बाबा तिकडे नागपूरला एकटेच होते.

एका शनिवारी दुपारी तिला जवळच्या बॉर्डनटाउनला घेऊन गेले. युरोपातली गादी गेलेला एक राजा तिथे नदीकाठी येऊन राहिला होता. मला अशा राजेरजवाड्यांचं भारी वेड! त्याचा महाल केव्हाच जळून गेला, आता नुसती हिरवळ आहे. आई म्हणाली, "मी बाळाला इथंच फिरवते, तू बघून ये." मी एकटीच छोट्याशा म्युझियममध्ये गेले. तिथल्या बोर्डावर वाचलं – राजाने इथे सगळा संसार थाटला, पण राणी युरोपातच राहिली. ती समुद्र ओलांडून कधी आलीच नाही.

बाहेर आले तर आई हिरवळीच्या मधोमध उभी. शेजारी बाळाचा स्ट्रोलर. पलंगावरची चादर सारखी करावी तसे ती दोन्ही हात हवेत फिरवत होती, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी धावतच तिच्याकडे गेले.

"आई, काय झालं?"

"खोली आहे गं इथं. बायकोसाठी लावून ठेवली आहे कोणीतरी. रोज आवरतो बिचारा... आणि ती येतच नाही."

आईला इंग्रजी वाचता येत नाही. ती म्युझियममध्ये आलीही नव्हती. 'इथे एक राजा राहायचा', एवढंच मी तिला सांगितलं होतं. गाइडला विचारलं, तर तो म्हणाला, आई उभी होती साधारण तिथेच महाल होता, पण कुठली खोली कुठे होती हे कोणालाच माहीत नाही. गाडीत बसेपर्यंत आई एकदम नॉर्मल. "मी कुठं रडले? ऊन लागलं असेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांना व्हिडिओ कॉल केला, मुक्काम वाढवतोय हे सांगायला.

"राहू दे ना तिला, बाळाला गरज आहे. मी मजेत आहे," बाबा म्हणाले. त्यांच्या मागे आईचा पलंग दिसत होता. त्यावर धुतलेली चादर, उशी नीट लावलेली.

"बाबा, पाहुणे येणार आहेत का?"

"नाही गं. चादर बदलतो अधूनमधून... धूळ बसते."

त्याच दिवशी आईचं परतीचं तिकीट काढलं. नवरा म्हणाला, "अगं, डेकेअरचं काय?" म्हटलं, "बघू यार."

त्या हिरवळीवर आईला नेमकी कोणाची खोली दिसली – राजाने राणीसाठी लावलेली, की बाबांनी तिच्यासाठी – ते मला आजही सांगता येत नाही.

नेवार्क एअरपोर्टवर मला वाटलं होतं, बाळाला सोडताना आई कोसळेल. तिने त्याचा पापा घेतला, त्याला माझ्या हातात दिलं, आणि एरवी गुडघे धरून चालणारी माझी आई सिक्युरिटीकडे चक्क भराभर निघाली. मागे वळूनही पाहिलं नाही. मला खूप रडू आलं. सहा महिन्यांत 'मला घरी जायचंय' असं ती एकदाही म्हणाली नव्हती.