गावपळणीत बंद पडलेला फोन

आमच्या गावात काही वर्षांनी देवाचा कौल झाला की गावपळण होते. म्हणजे माणसं, गुरं, कोंबड्या घेऊन अख्खा गाव वेशीबाहेर जातो, माडाच्या विणलेल्या झापांच्या राहुट्या बांधतो आणि तीन दिवस गावात पाऊल टाकत नाही. यंदाही गेलो. मुंबईला नोकरीत असलेल्या नवऱ्याला कळवायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. गावच्या माणसाला गावपळण सांगावी लागते का?

माझा फोन ह्यांनीच घेऊन दिलेला. देतानाच त्यात एक ॲप टाकलं. चोरीला गेला तर कुठे आहे ते मुंबईत बसून दिसेल आणि बंदही करता येईल, म्हणाले. चोर काही फिरकला नाही. मी मात्र देवगडला एका लग्नात ह्यांचा फोन उचलला नाही, तर थोड्या वेळाने पडदा काळा आणि मधोमध कुलूप. दुसऱ्याच्या फोनवरून ह्यांची मनधरणी केल्यावर उघडला. पुढे असं अधूनमधून व्हायला लागलं. कुणी विचारलं की मी सांगायचे, रेंज गेली. आमच्या बाजूला ही थाप कुणालाही पटते.

घराला दार असतं, राहुटीला नसतं. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही बायका ओहोळावर भांडी घासत होतो आणि राहुटीत ठेवलेला माझा फोन बोंबलायला लागला. थोरल्या जावेने धावत जाऊन तो उचलला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं, "हा फोन हरवला आहे. सापडल्यास मालकाला कळवा." खाली नंबर. "अगो, हो तर भावजींचो नंबर! तू हरवलंस गो!"

बायका खो खो हसल्या. मीही हसले, सगळ्यांत मोठ्याने.

ओहोळावर परत येऊन जावेनेच आपल्या फोनवरून ह्यांना लावला आणि मजा म्हणून स्पीकर चालू करून माझ्यापुढे धरला. माझं हॅलो ऐकताच ह्यांनी विचारलं,

"खंय आसस गो? कालधरना तू घराकडे नाय."

"अवो, गावपळण आसा."

मुंबईला राहून माणूस विसरला होता. मग म्हणाले, "माका कोणी सांगूक नाय. बरां, घराकडे जा, मगे उघडतंय."

"घराकडे कसा जातलंय? गावात जावक नको."

"मगे परतल्यार बघूया."

फोन ठेवला. आता कुणी हसत नव्हतं. "हंय रेंज नाय, म्हणान तसा झाला असतला," मी म्हटलं. जावेच्या फोनवर रेंजच्या सगळ्या काड्या दिसत होत्या. पन्नाशी उलटलेली बाई मी, आणि मान खाली घालून घासलेलंच पातेलं पुन्हा घासत राहिले. खरं तर ह्यांचा राग यायला हवा होता. पण इतकी लाज वाटली, की रागाला जागाच उरली नाही.

संध्याकाळी जावेची सून माझ्याजवळ तांदूळ निवडायला बसली. जामसंड्याहून लग्न होऊन आलेली, नवरा पुण्याला. गेल्या पावसाळ्यात तिचा फोन असाच काळा पडला होता, मधोमध कुलूप. घाबरून ती माझ्याकडेच आली होती. ते कुलूप मी लगेच ओळखलं होतं. पुतण्याला हे कुणी शिकवलं असेल, तेही कळलं होतं. तरी मी तिला म्हटलं, "रेंज गेली असतली गो. आमच्याकडे जाताच." तिने विश्वास ठेवला. तेव्हापासून तीही सगळ्यांना हेच सांगायची.

आज खालमानेने पुटपुटली, "काकी, तुमची पण रेंज अशीच जाता?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. हो म्हटलं असतं तरी ती गप्प बसली असती. जाऊ पलीकडे चूल पेटवत होती, तिला ऐकू जाणारच होतं.

"रेंज जाणा नाय, बाय," मी म्हटलं. "फोन ते बंद करतत. माझो ह्यांनी केलो, तुझो तुझ्या घोवान. माका तेव्हाच म्हायत होता."

तिने सूप खाली ठेवलं.

"मगे तेव्हाच कित्याक सांगूक नाय, काकी?"

तिने सूप उचललं आणि सासूशेजारी जाऊन बसली.