पाम्फिलचे बूट

"माझा माणूस तिकडे अनवाणी चालणार, आणि हा इथे शेपूट हलवतोय."

सेवास्तिया हे बोलली ती नवऱ्याच्या चाळिसाव्याच्या सकाळी, हातात नव्या बुटाची उरलेली टाच धरून. ओल्ट नदीच्या काठावरच्या आमच्या गावात माणूस गेला की चाळिसाव्याला टोपीपासून बुटांपर्यंत सगळा पोशाख त्याच्याच अंगाच्या एखाद्या माणसाला देतात. इथे दिलेलं तिकडे पोचतं. पाम्फिलचे पाय शेवटी इतके सुजले होते की बूट चढलेच नाहीत; त्याला मोज्यांवरच पुरलं. म्हणून सेवास्तियाचा सगळा जीव त्या बुटांत अडकला होता.

पाम्फिल लाकूडतोड्या. कोद्रू हे त्याने रानातून कोटात घालून आणलेलं पिल्लू. मालक घरात असेपर्यंत कुत्रा त्याच्या पायांवर डोकं ठेवून पडून असायचा, कशाला तोंड लावायचा नाही. मालक गेला आणि एकेक वस्तू जाऊ लागली. पट्टा, टोपी, दाढीचा ब्रश, जुने बूट. कोट तेवढा पेटीत होता म्हणून वाचला.

सेवास्तियाने आयुष्यभर गावची बालवाडी सांभाळली. चावऱ्या पोरांचं चावणं तिने न मारता सोडवलं होतं, आणि मीही त्या पोरांतलाच. तीच रीत तिने कोद्रूवर चालवली. वस्तू काढून घ्यायची, हाड द्यायचं, हाड चघळलं की पाठीवरून हात फिरवायचा. कोद्रू हाड घ्यायचा, अंगणात पुरायचा आणि पुन्हा पाम्फिलच्या खुंटीकडे यायचा.

"अगं, पोरं वेगळी नि कुत्रं वेगळं," शेजारची अरिस्तिका कुंपणावरून ओरडायची. "तिखट चोळ तिखट!"

"चोळलं."

"मग?"

"शिंकला. आणि खाल्लं."

"व्हिनेगर लाव."

"बाई गं, ह्या घरात आता काकडीला लावायला व्हिनेगर उरलं नाही."

मग तिने चाळिसाव्याला द्यायला बाजारातून नवे काळे बूट आणले आणि मुद्दाम कोद्रूसमोर जमिनीवर ठेवले. त्याने हुंगले आणि तो निघून गेला. दुसऱ्या दिवशीही तेच. "ये रे, बघ," तिने मला हाक मारली, "शिकला माझा पोरगा!" कितीतरी दिवसांनी मी तिला हसताना पाहिलं. कोद्रूला सॉसेज मिळालं.

चाळिसाव्याच्या आदल्या संध्याकाळी मात्र तिच्या मनात आलं, हे कोरे बूट पाम्फिलचे आहेत हे तिकडे कुणाला कळणार? न धुता जपून ठेवलेले त्याचे लोकरी मोजे तिने एकेका बुटात खोलवर कोंबले. सकाळी टाचा उरल्या होत्या.

दुपारी तिच्या अंगणात अक्रोडाच्या झाडाखाली टेबल मांडलं होतं. साखर घातलेले शिजवलेले गहू, मेणबत्त्या. प्रार्थना आटोपून पाद्री गेले होते. पोशाख घ्यायला बोलावलेला, पाम्फिलच्याच अंगाचा म्हातारा निकिफोर त्याचा कोट घालून, पायांत नुसते मोजे, असा बसला होता.

"आणा वहिनी, तेच आणा," तो म्हणाला. "बोटं बाहेर राहिली तर पाम्फिलला तेवढीच हवा."

कुणी हसलं नाही.

"फाटकं दिलं की फाटकंच मिळतं," अरिस्तिका पुटपुटली. "आणि आज रविवार, दुकान बंद."

"मग माझेच घ्या," निकिफोर म्हणाला.

"तुमचेच बूट तुम्हाला कसे देणार हो, भाऊजी?" सेवास्तिया म्हणाली. तिचे हात एप्रनमध्ये नुसतेच काहीतरी शोधत होते.

अक्रोडाला बांधलेला कोद्रू तेवढ्यात उठला. दोर पुरेल तितका पुढे आला, कोट हुंगला आणि निकिफोरच्या मोज्यांवर डोकं ठेवून पडून राहिला. मोज्यांना त्याने दातही लावला नाही.

सेवास्तिया ते बघत राहिली. पाम्फिलच्या पायांवरही तो असाच पडायचा. मग तिने झाडाला बांधलेल्या दोराची गाठ सोडली, एक मेणबत्ती पेटवली आणि दान देताना देतात तशी, दोराच्या टोकासकट, निकिफोरच्या हातात ठेवली.

"देव हे त्याला पोचवो," निकिफोर सवयीने बोलून गेला. मग त्याने हातातल्या दोराकडे पाहिलं. "अहो वहिनी, कुत्रा? अहो, तुमच्याजवळ मग कोण..."

ती फाटकापाशी पोचली होती. बाहेर पडून, कोद्रू रस्त्यावर जाऊ नये म्हणून रोज लावायची तशी, तिने कडी लावली आणि पाम्फिलच्या थडग्याच्या वाटेने चालू लागली.