एक ठण म्हणजे थांबा

आमच्या देवपूरच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाची दर महिन्याला एक सहल असते. सहल संपली की फोटो ग्रुपवर पडतात आणि किस्से कट्ट्यावर. फोटो डिलीट करता येतात हो, किस्से नाही! त्यातले काही मात्र आम्ही दिवसाउजेडीच सांगतो.

*

सुरुवात शिरपूरच्या सहलीपासून. परत येताना नानांना आम्ही चहाच्या टपरीवरच विसरलो! अक्कांनी, म्हणजे आमच्या अध्यक्षांनी, "बठ्ठा उनात का?" म्हणजे सगळे आले का, असं विचारलं आणि बसभर "हो" झालं. अर्ध्या रस्त्यात भाऊंच्या लक्षात आलं.

भाऊ एसटीचे रिटायर्ड कंडक्टर. त्यांनी तिथल्या तिथे नियम काढला. आपली हजेरी आपण द्यायची नाही, जोडीदाराने द्यायची. ते स्वतः नानांचे जोडीदार झाले. सगळ्यांची हजेरी झाली की बोटातली अंगठी सीटच्या दांडीवर आपटायचे. एक ठण म्हणजे थांबा, दोन म्हणजे सगळे आले, चला! ड्रायव्हर सलीमभाई त्याशिवाय गियर टाकत नसत.

*

हा नियम मलाच भोवला. माझी जोडी अक्कांशी. हाऊजीत मी त्यांच्या आधी "फुल हाऊस" ओरडले, तर शेजारी बसलेली मी त्यांना दिसेना! "माझी जोडीदार आलेली नाही," म्हणाल्या. मी माफी मागेपर्यंत बस हलली नाही.

*

मग भाऊ गेले. अंगठी बोटातून निघेना, तशीच त्यांच्याबरोबर गेली.

पुढची सहल जळगावकडे, शेतातल्या भरीत पार्टीला. परत निघताना नाना सवयीने भाऊंची हजेरी देत म्हणाले, "भाऊ उना शे." कुणी टोकलं नाही. इतक्यात मागून ठण, ठण. सलीमभाईंनी गियर टाकला.

मी वळून पाहिलं. नानांच्या दोन्ही हातांत वांग्यांची पिशवी होती. शेजारची सीट रिकामी होती.

*

अक्कांनी धास्तीच घेतली. "भाऊ नानांना घेऊन जाणार गं," म्हणाल्या आणि नानांना नवा जोडीदार द्यायचं ठरवलं. भाऊंची जागा जाईल म्हणून नाना रडलेच. "मी दुसरा जोडीदार लिधा तर भाऊनी जागा जाई ना!"

पुढच्या सहलीत पिंपळनेरहून निघताना अक्कांनी हट्टाने स्वतःच सांगितलं, "नाना आलेत. चला." गाडी सुरूच होईना! सलीमभाई घामाघूम. शेवटी नाना हळूच बोलले, "भाऊ उना शे."

ठण, ठण. गाडी सुरू!

अक्कांनी त्या रिकाम्या सीटला हात जोडले. "भाऊ, आम्हाला नाना अजून हवेत." एरवी मी हसले असते. तेव्हा मीही हात जोडले.

*

परवाच्या रविवारी नाना नव्हते. दवाखान्यात होते. अक्का म्हणाल्या, "त्यांच्यासाठी देवीला सांगून येऊ. चला सलीमभाई."

गाडी फाटकाबाहेर पडली आणि मागून आवाज आला. एकच ठण.

सलीमभाईंनी ब्रेक मारला. सकाळचं ऊन काचांतून आत येत होतं, तरी कुणी कुणाकडे बघेना. खाली उतरायचंही कुणाला सुचलं नाही. अक्का डोळे मिटून पुटपुटत होत्या, "नको हो भाऊ. नको."

बऱ्याच वेळाने मागून पुन्हा आवाज आला.

ठण, ठण.

सलीमभाईंनी गियर टाकला. अक्कांच्या मांडीवर फोन वाजायला लागला. नानांच्या सुनेचा होता. कुणीच उचलला नाही.