भातात हळद नव्हती

माझं माहेर धुळ्याचं. लग्न होऊन जळगावला, मेहरूणमध्ये आले, त्याला दोन-तीन वर्षं झाली असतील. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. सासूबाईंना हृदयाचा त्रास होता. डॉक्टरांनी हृदयासाठी एक बारीकशी गोळी दिली होती आणि पायावरची सूज उतरावी म्हणून लघवीची दुसरी. दोन्ही गोळ्या वेळेवर द्यायचं काम माझ्याकडे होतं.

एका दुपारी त्यांनी ताट बाजूला सारलं.

"भातमा हयद कसाले टाकी व?"

"आत्याबाई, पांढराच भात आहे."

त्यांनी भाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "माले आंधयी समजस का तू?"

त्यानंतर त्यांना दूधही पिवळं दिसायला लागलं. अन्न जाईना, उमासे येत, पाय गळून जात. कावीळ म्हणावी, तर डोळे स्वच्छ. त्यांच्या मनाने घेतलं, की सून काहीतरी घालते. त्या मला आधी घास खायला लावायच्या आणि मी गिळते की नाही ते टक लावून बघायच्या. शेजारणीशी कुजबुज चालायची. मी ओट्यावर आले की दोघी गप्प. पुढे तर त्यांनी माझ्या हातचं खाणंच सोडलं. गोळ्या मात्र घेत, त्याही माझ्या नवऱ्याने पाकीट त्यांच्यासमोर फाडलं तर.

माझाही कुणावर विश्वास उरला नव्हता. डॉक्टरांनी भलतंच तर दिलं नसेल? दुकानदाराने गोळ्या बदलल्या नसतील? एकदा स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं, तर नवरा आईचं दूध नाकाशी नेऊन हुंगत होता. मी दिसताच त्याने पेला खाली ठेवला. त्या दिवशी धुळ्याची एसटी धरावी असं फार वाटलं. पण मी गेले आणि सासूबाईंचं काही बरंवाईट झालं, तर गावाला बोलायला हवंच ते मिळालं असतं.

सासूबाईंना भरवसा उरला होता तो एकाच गोष्टीचा. त्यांची धाकटी बहीण अमळनेरला असे. खोकल्यावर म्हणून तिने हे सगळं सुरू होण्याआधीच ज्येष्ठमधाच्या काड्या आणून दिल्या होत्या. त्यांचा काढा त्या स्वतः उकळायच्या, स्वतः गाळायच्या. जेवण सुटलं तसा काढा वाढला. दिवसभर एखादी काडी तोंडात असायचीच.

एका सकाळी न्हाणीतून येताना त्या भिंत धरून खाली बसल्या. रिक्षाने दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी नाडी धरली आणि कपाळाला आठ्या घातल्या. ठोका मधेच चुकत होता.

"पिवळं दिसतं का?" त्यांनी विचारलं. सासूबाईंनी चमकून पाहिलं. डॉक्टरांनी पुढे विचारलं, "माझ्या गोळ्यांशिवाय काय घेता?"

"काहीच नाही," नवरा म्हणाला.

"काढा," मी म्हणाले. "ज्येष्ठमधाचा. दिवसभर."

"ते का औषध शे?" सासूबाई उसळल्या. "झाडनं मूय शे ते!"

डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं. लघवीच्या गोळीने अंगातला एक क्षार कमी होतो. ज्येष्ठमध रोज आणि एवढं घेतलं तर तोच आणखी कमी होतो. मग हृदयाची तीच गोळी, तेवढीच, विषासारखी अंगावर येते. पिवळं दिसणं हे त्याचंच लक्षण.

त्यांना दाखल करून घेतलं. ती गोळी थांबवली, काढा बंद झाला, क्षार भरून काढला. हळूहळू नाडी सुधारली. दवाखान्यात मी नेलेली खिचडी त्यांनी खाल्ली, मला आधी घास न घ्यायला लावता. चुकलं वगैरे त्या कधीच म्हणाल्या नाहीत. नवरा घरी येताना एवढंच म्हणाला, "तू बोललीस म्हणून बरं झालं." दुधाचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही.

मग अमळनेरच्या मावशी बहिणीला भेटायला आल्या. त्यांना सगळं कळलं होतं.

"मी का तुले जहर दिधं?" त्या दारातूनच म्हणाल्या.

सासूबाईंनी नाही म्हटलं, हात धरून बसवलं. पण बोलता बोलता त्यांची नजर बहिणीच्या पिशवीवर जात होती. मावशींनी ते पाहिलं. चहा न घेताच त्या उठल्या. पुढे त्या यायच्या, नाही असं नाही. पण आल्या की स्वतःपुरता दशम्यांचा डबा घरूनच आणायच्या.