चुन्याचं टाकं आणि अख्खी भेली

आमच्या भाजी धुण्याच्या टाक्याचा गिलावा शेजारच्या म्हशीने चाटला, आणि तरीही ते आज थेंबभरही गळत नाही.

शेलूबाजारच्या अलीकडे आमचा भाजीमळा आहे. जुनं टाकं फुटलं आणि मातीने भरलेल्या मेथी-मुळ्याला बाजारात कोणी हात लावेना. सगळं घर भाजीवर चालतं, त्यामुळे माझ्या बायकोचा, सुनंदाचा, जीव टांगणीला लागला.

"सिमेंटचं पोतं आना अन् मोकळे व्हा!" ती म्हणाली.

पण मी वाशीमला चुन्याच्या बांधकामाचं प्रशिक्षण घेऊन आलो होतो! (जेवण उत्तम होतं.) सिमेंटसाठी भट्टी भयंकर तापवावी लागते, चुन्याला त्याहून कमी आच पुरते. चुन्यात सुरखी, म्हणजे भाजक्या विटांची भुकटी, कालवली की तो पाण्यातही टिकतो. फक्त घट्ट व्हायला वेळ घेतो. जुने लोक त्यात जरासं गुळाचं पाणी घालत, असंही तिथे सांगितलं.

'जरासं' मला कधी जमलेलं नाही. मी गुळाची अख्खी भेली विरघळवली आणि त्याच चुन्याचा टाक्याला गिलावा केला!

सकाळी तालुक्यातल्या सगळ्या मुंग्या आमच्याकडे मुक्कामाला! दुपारी शेजारच्या बायजाकाकूंची म्हैस दावं तोडून आली.

"अवो, म्हैस टाकं चाटून राह्यली!" सुनंदा ओरडली.

मी धावलो, घसरलो आणि थेट टाक्यात बसलो. गिलाव्यात माझी बैठक स्पष्ट उमटली.

बायजाकाकूंनी आधी म्हशीचं तोंड धुतलं, मग मला विचारलं, "काहून रे बाप्पा, टाकं बांधून राह्यला का लाडू वळून राह्यला?"

सगळे हसले, पण सुनंदाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाहून काकूंनी पदर खोचला. गोड थर खरवडला, बिनगुळाचा नवा चढवला, वर ओली पोती टाकली. शेजारपाजारचे म्हशीला हाकायला आळीपाळीने काठी घेऊन बसले, पोती भिजवत राहिले. त्या माणसांचे उपकार मी या जन्मी विसरणार नाही. मी मदतीला गेलो की काकू म्हणायच्या, "तू तिकडं बस!"

टाकं भरलं, टिकलं. स्वच्छ मेथी घेऊन सुनंदा बाजारात गेली आणि रिकामी टोपली घेऊन हसत परतली.

परवा शिरपूरहून एक पाहुणे टाकं पाहायला आले. मी तासभर चुना, सुरखी, कमी आच, सगळं समजावलं.

"वा! अन् यात तुमी काय केलं?" त्यांनी विचारलं.

सुनंदा म्हणाली, "काईच नाई केलं त्याईनं. म्हनून तं टिकलं!"