‘उदे’मधला ‘दे’

गडावरच्या आईची माया माझ्यावर जास्त की भास्करवर, या संशयानं मला बरीच वर्षं पोखरलं. अंबडच्या कारखान्यात आम्ही एकाच पाळीत, दोघंही सप्तशृंगीचे भक्त. चैत्रात वणीची वाट दोघांनी बरोबर चालावी आणि फोड यावेत ते फक्त माझ्या पायांना! सेफ्टी वीकमध्ये बंद पडलेलं हृदय छाती दाबून कसं चालू करायचं, ते रबरी पुतळ्यावर शिकवलं. मी असा दाबला, की पुतळा उठून चहा मागतो की काय असं वाटलं. बक्षिसाचा थर्मास मात्र भास्करला. त्यातल्या चहाच्या वासानंसुद्धा माझं पित्त खवळायचं. आईपुढे हात जोडून मी मागायचो काय, तर एकदा तरी त्याच्या नाकावर टिच्चून मला पुढं काढ.

आईनं ऐकलं, पण तिच्या रीतीनं.

वैशाखातली दुपार होती. अ‍ॅसिडची टाकी साफ करून, नळाखाली सूट धुऊन मी शेडबाहेर आलो. अंगात रबरी सूट, तोंडाला मास्क, डोळ्यांवर गॉगल, कोपरापर्यंत हातमोजे, वर मनगटाला चिकटपट्टी. तो अवतार बघून यमाचा रेडाही माघारी फिरला असता. समोर नाना उभे. नाना म्हणजे आमचे सुपरवायझर आणि माझ्या बायकोचे थोरले भाऊ. त्यांच्यामुळे सगळी कंपनी मला दाजीच म्हणते.

“दाजी, पार उकडून निघाले की तुम्ही!” असं हसत म्हणाले आणि तसेच कोसळले.

मोज्यातून नाडी कळेना. छाती तर हलत नव्हती. सूट काढायला दुसरा माणूस लागतो, तेवढा वेळ कुठला? गुडघे टेकले आणि दाबायला लागलो. ताल चुकू नये म्हणून मनात गजर धरला, उदे गं अंबे उदे.

सुरुवातीला वाटलं, मी पर्वत दाबून सपाट करीन. पण जरा वेळातच सुटात गोदावरी वाहायला लागली. गॉगलवर वाफ, मोजे घसरताहेत, मास्कमधून श्वास पुरेना. तेवढ्यात भास्कर धावत आला, साध्या शर्टात, ताजातवाना. माझ्या कानाशी ओरडायला लागला. मास्कचे पट्टे कानांवर, त्यात माझीच धाप, मला ऐकू आलं, “उदे! उदे!” म्हटलं, बघा, इथंही गजरात पुढं पुढं! नाना माझे, पाळी माझी. मी आणखी चेकाळलो.

त्यानं माझा मास्क खेचला. “अरे दाजी, उदे नाय, दे! मला दे म्हणतोय! तुझा दाब पोचंना झालाय!”

खाली बघितलं. मोजे नुसते वरच्यावर हलत होते. मला वाटत होतं मी दाबतोय. नानांचे ओठ निळे पडत चालले होते, आणि तरीही, आईशपथ, माझे हात सुटेनात. मग मनातला गजर परत उमटला आणि या खेपेला मलाही त्यातला ‘दे’ तेवढाच ऐकू आला. मी बाजूला झालो.

भास्कर दाबत राहिला. मागून धावत आलेल्या दोघा कामगारांनी माझा सूट फाडून काढला. तो थकला तेव्हा “घे, दाजी,” म्हणाला, आणि मी मोकळ्या हातांनी घेतलं. आळीपाळीनं असं चाललं असताना नाना कण्हले.

दवाखान्यात कळलं, नानांच्या बरगड्या मोडल्यात. सगळी कंपनी म्हणाली, भास्करनंच मोडल्या, काय जोर! आता बरगड्यांचं श्रेयसुद्धा त्यालाच. जळलो मी; खोटं कशाला सांगू?

नाना बरे झाल्यावर तिघं गडावर गेलो. ओटीचं ताट मी छातीशी धरून होतो. गाभाऱ्यापाशी गर्दी झाली, आणि भास्कर माझ्या पुढं, अर्थातच. मागे वळून त्यानं हात पुढे केला.

“दे,” म्हणाला.

मी दिलं. आईपर्यंत ते माझ्याच हातानं पोचायला हवं, असं तिनं कधी म्हटलं होतं?