कानातला व

दीड वर्ष मी चिनी बोलणाऱ्या पोरांचं इंग्रजी तपासलं. सांगलीत बसून. हे सांगितलं की लोक आधी हसतात, मग विचारतात, तुला चिनी येतं का? चिनी यायची गरजच नव्हती. परीक्षा इंग्रजी बोलण्याची होती, ती घेणारी कंपनी परदेशातली होती, आणि गुण टाकायला बसणारी माणसं सांगलीत स्वस्त मिळत होती. एवढंच त्यातलं शास्त्र.

हळदीच्या एका दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर आमची खोली होती. जिना चढताना चपलांना हळद लागायची आणि दिवसभर टेबलांखाली पिवळे ठसे दिसायचे. चौदा टेबलं, चौदा हेडफोन. खिडक्यांना काळा कागद चिकटवलेला, का तर बाहेर बघून लक्ष विचलित होतं. हेडफोनमध्ये अकरावी-बारावीतलं एखादं पोर यायचं. नाव नाही, गाव नाही, फक्त क्रमांक. आधी ते एक उतारा वाचून दाखवायचं, तो उतारा आम्हालाही पडद्यावर दिसायचा. मग एका प्रश्नाला पाऊण मिनिट उत्तर द्यायचं. आम्ही उच्चाराला पाचपैकी गुण टाकायचे आणि पुढचं पोर घ्यायचं. त्या गुणावर कुणाला कुठलं कॉलेज मिळणार हे ठरत होतं. आम्ही मात्र चहा गार व्हायच्या आत उरकायच्या मागे.

मला या कामाचा तिटकारा होता. मी ज्या संघटनेत आहे ती गावोगाव पत्रकं वाटते: पहिलीपासून इंग्रजी लादू नका, पोराला आधी त्याच्या भाषेत विचार करू द्या. त्यातली निम्मी पत्रकं माझ्या हातची आहेत. म्हणजे रविवारी एसटी स्टँडवर इंग्रजीच्या दादागिरीविरुद्ध कागद वाटायचा, आणि सोमवारी जिना चढून त्याच दादागिरीचा दंडुका हातात घ्यायचा. मला हे कळत होतं. कळूनही चढत होते. आणि राग काढत होते त्या पोरांवर. अडखळलं की वाटायचं, कशाला रे शिकता ही भाषा? त्यांना तरी कुणी विचारून शिकवली होती?

आमच्यावर पहारा होता. रोजच्या फाईलींत मधेच अशा काही फाईली असायच्या, ज्यांचे गुण कंपनीच्या तज्ज्ञांनी आधीच ठरवून ठेवलेले. कुठल्या, ते आम्हाला कळायचं नाही. आपला गुण त्यांच्या गुणाशी जुळला तर ठीक. पुन्हा पुन्हा जुळला नाही तर आयडी बंद, म्हणजे उद्यापासून येऊ नका.

खोलीवर देखरेखीला तासगावचा एक माणूस होता, पस्तिशीचा, सगळे त्याला सर म्हणायचे. घरचा बेदाण्याचा धंदा, त्यामुळं ड्रॉवरमध्ये कायम बेदाण्याची पिशवी. आठवड्यात ज्याचे गुण सगळ्यात जास्त जुळले त्याच्या टेबलावर तो शनिवारी मूठभर बेदाणे ठेवायचा. कौतुकाची अशी पद्धत. बैलाला पेंड टाकावी तशी. बहुतेक शनिवारी ते बेदाणे माझ्या टेबलावर यायचे, आणि मी ते खायचे.

माझ्या शेजारी रहिमतपूरच्या एक बाई बसायच्या. चाळिशी ओलांडलेल्या. मी त्यांना आपा म्हणायचे. चौदा वर्षं त्यांनी तिकडच्या एका विनाअनुदानित शाळेत इंग्रजी शिकवलं होतं. या कामाची परीक्षा पास झाल्यावर त्यांनी राजीनामा दिला, तेव्हा हेडमास्तर हसून म्हणाले होते की रहिमतपूरच्या इंग्रजीला कंपनी किती दिवस विचारणार, महिन्यात परत याल, जागा ठेवतो. आपांनी हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं आणि नंतर अनेकदा सांगितलं. सोमवारी पॅसेंजरनं यायच्या, आठवडाभर मिरजेला बहिणीकडं राहायच्या. त्यांना आयडी टिकवायचा होता तो त्या हसण्यासाठी. बंद झाला असता तर त्याच माणसापुढं जाऊन उभं राहावं लागणार होतं.

त्यांना येऊन तिसरा महिना लागला आणि त्यांचे गुण जुळेनासे झाले. एका मंगळवारी सरांनी त्यांना पुढं बोलावलं आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशी एक फाईल लावली. एक मुलगी बोलत होती. तिचं गाव अगदी लहान आहे, तिथं सगळे भाजीपाला पिकवतात, सुट्टीत ती तिथं जाते, आणि गावात सगळे तिला तिच्या आईच्या नावानं ओळखतात. अडखळत, पण सरळ सांगत होती. आपांनी तिला पाचपैकी पाच दिले होते. तज्ज्ञांनी तीन.

"काय चुकलं, सांगा मॅडम," सर म्हणाले.

आपांनी पुन्हा ऐकलं. म्हणाल्या, मला सगळं कळलं, चूक कळली नाही.

"आवं, ती व्हेरी न्हाई म्हणत, वेरी म्हणतीय. व्हिलेज न्हाई, विलेज. खालचा ओठ दाताखाली गेला पाहिजे, ती ओठ गोल करतीय. चिनी पोरांचा हा नेहमीचा दोष हाय, कंपनीच्या नियमावलीत पहिल्याच पानावर लिहिलंय."

फाईल आणखी दोनदा लावली. आपा मान तिरकी करून ऐकत होत्या. मीही ऐकत होते, आणि मलाही फरक ऐकू येत नव्हता. काडीचाही नाही. ती मुलगी माझ्या कानाला अगदी माझ्यासारखीच बोलत होती. साहजिकच होतं. आपल्या तोंडात एकच व आहे. ओठ दाताखाली जाओ नाहीतर गोल होवो, आपल्या कानाला तो व.

सरांनी आपांना शनिवारची मुदत दिली. दहा फाईली, त्यातल्या आठ जुळल्या पाहिजेत.

आता बेदाण्याचं सांगते. मला फरक ऐकू येत नसताना माझे गुण जुळायचे कसे? सोपं होतं. मी ऐकतच नव्हते, बघत होते. पडद्यावरच्या उताऱ्यात व्हेरी, व्हिलेजसारखा शब्द आला की मी गुण कापायचे. उत्तरात कुणी 'व्हिजिट' म्हणालं की कापला. तज्ज्ञ बहुतेकदा तिथं कापतात हे माझ्या पहिल्याच महिन्यात लक्षात आलं होतं. पोरगं काय म्हणालं याच्याशी माझा संबंध नव्हता. तज्ज्ञ काय म्हणतील याच्याशी होता.

त्या आठवड्यात दुपारच्या सुट्टीत आपा आणि मी गच्चीवर जायचो. त्यांनी पर्समधला छोटा आरसा काढून ओठाचा सराव चालवला. खालचा ओठ दाताखाली, फुंकर. ओठ गोल, फुंकर. त्यांना एक युक्ती सुचली. म्हणाल्या, लिहिताना आपण व्हॅन लिहितो आणि वॉर्ड लिहितो, म्हणजे हाताला फरक माहीत आहे, फक्त कानाला शिकवायचाय.

"आणि व्हाईट? व्हील?" मी विचारलं. तिथं आपण व्ह लिहितो, पण इंग्रजीत ओठ गोल.

त्या थांबल्या. मग हसल्या. "म्हणजे हातपण अडाणीच निघाला की गं."

मग त्यांनी 'व्हय' धरला. चौदा वर्षं वर्गात पोरांना दटावलं होतं, व्हय म्हणायचं नाही, होय म्हणायचं. आता गच्चीवर उभ्या राहून त्या स्वतः व्हय, व्हय, व्हेरी, व्हय, व्हिलेज असं घोकत होत्या. खाली हळदीच्या दुकानातला एक हमाल वर बघून म्हणाला, "कुणाला हो म्हणतायसा एवढं?"

शुक्रवारपर्यंत त्यांच्या तोंडातून दोन्ही आवाज निघायला लागले. मी पाठ करून उभी राहायचे, त्या शब्द म्हणायच्या, मी ओळखायचं. मग उलट. दोघींचीही निम्मी उत्तरं चुकायची, म्हणजे नुसतं अंदाजानं सांगितलं असतं तरी तेवढीच चुकली असती. तोंड शिकलं होतं. कान जिथल्या तिथं.

तेव्हा मी त्यांना माझी युक्ती सांगितली. ऐकू नका, आपा. शब्द दिसला की कापा. उद्या दहाच्या दहा जुळतील.

त्या आरसा पुसत होत्या. "आणि एखादीनं बरोबर म्हटलं असलं तर?"

मी चपलेची हळद कठड्याला पुसायला लागले.

"तू किती दिवस असं करतीयस?"

"पहिल्यापासून."

मला वाटलं रागावतील. त्यांनी आरसा पर्समध्ये टाकला, चेन लावली. तेव्हा मी माझ्या ओळखीच्या वाटेनं पळाले. म्हणाले, मी पत्रक काढते. तुमच्यावरच्या अन्यायावर. सांगलीभर वाटते. जे ऐकू येत नाही त्याचे गुण मागणारी ही कसली परीक्षा, असं लिहिते.

"लिही की," त्या म्हणाल्या. "आधी तुझं लिही. मग माझं."

शनिवारी सगळी खोली काम थांबवून बसली होती. सरांनी तसं सांगितलं नव्हतं, पण थांबवलंही नाही. आपांनी प्रत्येक फाईल डोळे मिटून दोनदा ऐकली. उतारा दिसू नये म्हणून मिटले, हे फक्त मला कळलं. दहा झाल्या. सरांनी तज्ज्ञांच्या गुणांच्या कागदाशी ताडून बघितलं. सात जुळल्या होत्या.

"तीन फाईलींत एकेक गुण, मॅडम. एकेक कापला असता की झालं असतं. मी काय वैरी हाय का तुमचा?"

"मला ऐकू आलं नाही ते मी कसं कापू?" आपा म्हणाल्या. आवाज वर्गातल्यासारखा, स्पष्ट. "सर, तुम्हाला येतं ना ऐकू? मग तो कागद पालथा घाला आणि भिंतीकडं तोंड करून बसा. मी दहा शब्द म्हणते. तुम्ही फक्त सांगा, ओठ दाताखाली होता का गोल."

खोलीत कुणीतरी खुर्ची सरकवली. सरांनी कागदाकडं बघितलं. त्यावर उत्तरं होती. दीड वर्षात तो कागद हातात नसताना मी त्यांना एकदाही कुणाची चूक सांगताना ऐकलं नव्हतं.

"आज माझी परीक्षा नाही," ते म्हणाले आणि त्यांनी आपांचा आयडी बंद केला.

मग ते सवयीनं ड्रॉवर उघडून माझ्याकडं आले आणि माझ्या टेबलावर बेदाणे ठेवले. मी उभी राहिले. एसटी स्टँडवर मी शंभर माणसांसमोर बोललेली आहे. त्या खोलीत तर चौदाच होती.

"सर, मलापण ऐकू येत नाही."

त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही. "तुमचं जुळतंय न्हवं? मग बसा."

आणि मी बसले. हे मला पत्रकात लिहायला आवडलं नसतं, पण मी बसले. आपा पर्स खांद्याला लावून दारातून गेल्या तेव्हा मी बसलेलीच होते.

सोमवारी आले तर पहिल्याच फाईलीत एक मुलगा हिवाळ्याबद्दल बोलत होता. मी उताऱ्यावर वही ठेवली आणि डोळे मिटले. त्यानं 'व्हेरी' हा शब्द तीनदा उच्चारला. बरोबर की चूक, मला कळलं नाही. गुणांच्या खाली शेऱ्यासाठी एक चौकोन असायचा, त्यात कधीच कुणी काही लिहायचं नाही. त्यात मी इंग्रजीतून लिहिलं की मला हा फरक ऐकू येत नाही, पहिल्या दिवसापासून मी न ऐकता गुण कापलेले आहेत, माझ्या सगळ्या फाईली पुन्हा तपासा. हेच त्या दिवशी प्रत्येक फाईलीखाली लिहिलं. दुपारच्या चहाच्या आत माझा आयडी बंद झाला. मजा म्हणजे त्या दिवशीही माझे गुण जुळलेलेच होते, असं सर मला जिन्यात म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं असावं. मला त्यांची दया आली नाही.

फाईली पुन्हा तपासल्या का, हे विचारायला आम्हाला कंपनीच्या कामाला लावणाऱ्या पुण्याच्या ठेकेदाराला मी तीन पत्रं लिहिली. पोच नाही. कंपनीला लिहिलं. ही माहिती गोपनीय आहे, असं छापील उत्तर आलं. म्हणजे कुठं तरी एक पोरगी आहे, जिनं ओठ दाताखाली घालून, आरशापुढं घोकून तो शब्द नीट म्हटला असेल, आणि सांगलीतल्या एका बाईनं न ऐकता तिचा गुण कापला. तिला कधीच कळणार नाही. मलाही कळणार नाही ती कोण.

आपा रहिमतपूरला परत शाळेत गेल्या. हेडमास्तर नुसते हसले, असं त्यांनी फोनवर सांगितलं. वर्गात आता कुणी व्हय म्हटलं तर अडवत नाही, असंही म्हणाल्या. मला बरं वाटावं म्हणून सांगत होत्या. मला बरं वाटलं नाही. मी विचारलं, तुमचं पत्रक काढू का आता?

"तुझं झालं का लिहून?"

झालं. हे ते.